कारंजा लाड येथील रहिवाशाचे राजकीय स्थान आणि ‘ब्रिटिश प्रजाजन’ ही संज्ञा

ब्रिटनचे नागरिकत्व मिळवू इच्छिणाऱ्या परदेशस्थ व्यक्तीस एक सामान्यज्ञानाची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. २००२ च्या कायद्याने अर्जदारास त्या देशातील जीवनाविषयी पुरेसे ज्ञान असले पाहिजे अशी अट घातली आणि १ नोव्हेंबर २००५ पासून ती परीक्षेच्या रूपाने अमलात आली. पंचेचाळीस मिनिटांत चोवीस प्रश्न सोडवावयाचे असतात. त्यांपैकी अठरांची उत्तरे बरोबर आली म्हणजे उमेदवार उत्तीर्ण होतो. अठरा वर्षांखालील व पासष्ट वर्षे वा त्यांहून अधिक वयाच्या व्यक्तींस ती माफ आहे. परीक्षेसाठी सरकारने एक मार्गदर्शक पुस्तक नेमलेले आहे. त्याची पहिली आवृत्ती राज्यशास्त्राचे प्राध्यापक सर बर्नार्ड क्रिक यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींनुसार तयार झाली; २०१३ च्या तिसऱ्या आवृत्तीत इतिहासाच्या प्रकरणास पहिल्यापेक्षा पुष्कळच अधिक जागा देण्यात आली.

या इतिहासप्रकरणात व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीत साम्राज्याचा विस्तार सबंध हिंदुस्थानावर झाला अशा आशयाचे विधान आहे. साम्राज्याचे विसर्जन बहुतांशी सुव्यवस्थितपणे घडून आले, असेही त्यात सुचविलेले आहे. या व अशा विधानांना आक्षेप घेऊन २०२० च्या जुलैमध्ये शंभराहून अधिक इतिहासकारांनी ब्रिटिश गृहखात्यास जाहीर पत्र लिहिले. त्यांचा रोख मुख्यतः गुलामगिरी व वसाहतींचा अंत या विषयांवर होता. पहिल्या विधानाकडे त्या मानाने कमी लक्ष गेले आणि ते स्वाभाविकही आहे. सर्वसामान्य वाचकास त्यात चुकीचे काही दिसत नाही. परंतु वऱ्हाडच्या इतिहासाच्या अभ्यासकास ते तसेच सोडून देता येत नाही. ज्या भूभागावर इंग्रजांचा कारभार सुमारे चौऱ्याण्णव वर्षे अखंड चालला तो भूभाग कायद्याच्या दृष्टीने ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग कधीच नव्हता आणि तेथील रहिवासी ब्रिटिश प्रजाजन नव्हता, ही गोष्ट त्या पुस्तकाला ठाऊक नाही. प्रस्तुत लेखात कारंजा लाड या एका गावाच्या संदर्भाने तिचा विचार करावयाचा आहे.

कारंजे हे वऱ्हाडातील जुने व्यापारी गाव. दत्तसंप्रदायात श्रीनृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान म्हणून आणि दिगंबर जैनांत भट्टारकांच्या पीठांचे व हस्तलिखितांच्या भांडारांचे स्थान म्हणून त्याची ख्याती आहे. येथील भांडारांतील अपभ्रंश ग्रंथ हिरालाल जैन व परशुराम लक्ष्मण वैद्य या विद्वानांनी प्रकाशात आणले. निजामशाही अमलात एका राजकन्येस आंदण दिलेले म्हणून ‘बीबीचे कारंजे’ असेही नाव त्यास होते असे सांगतात. १६७० साली, सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर थोड्याच दिवसांत, मराठी फौजांनी ते लुटले. लुटीची गणती निरनिराळी दिलेली आढळते. पण मोगलांच्या वऱ्हाडात एवढी संपत्ती एका ठिकाणी सापडण्याजोगे दुसरे गाव त्या काळी क्वचितच असेल, एवढे तिच्यावरून निश्चित होते. गावाच्या तटास दिल्ली, दारव्हा, मंगरूळ व पोहा या नावांच्या वेशी होत्या. त्यांतील तीन नावे शेजारच्या गावांची आणि एक दूरच्या राजधानीचे, हा तपशील येथील राजकीय इतिहासाशी चांगला जुळतो. कारंजेकरांचा धनी नेहमीच दूर असे, आणि पुष्कळदा एकाहून अधिक असे.

अठराव्या शतकात हे दुहेरी धनीपण अगदी उघड होते. १७२४ साली साखरखेर्ड्याच्या लढाईत निजामुल्मुल्काने विजय मिळविला आणि वऱ्हाड नावाने त्याचे झाले. परंतु वसुलाचा मोठा वाटा नागपूरकर भोसले नेत. १८०३ साली अडगाव व गाविलगड येथे भोसल्यांचा पराभव झाल्यावर १७ डिसेंबर रोजी देवगावचा तह झाला आणि वर्धेच्या पश्चिमेकडील वऱ्हाड भोसल्यांच्या हातून जाऊन निजामाकडे आले. पुढील पन्नास वर्षांत निजामाच्या पदरी इंग्रज अधिकाऱ्यांची जी फौज होती तिचा खर्च थकत गेला. ही थकबाकी वसूल करण्याच्या निमित्ताने लॉर्ड डलहौसीने २१ मे १८५३ रोजी तह करवून घेतला व वऱ्हाडचे प्रांत इंग्रजांच्या व्यवस्थेकडे आले. २६ डिसेंबर १८६० च्या तहाने रायचूर दुआब व नळदुर्ग हे भाग निजामास परत मिळाले, पन्नास लाखांचे कर्ज रद्द झाले. वऱ्हाड मात्र विश्वस्त म्हणून इंग्रजांनी आपल्या हाती ठेवले. सालारजंगांनी ते परत मागण्याची खटपट पुष्कळ वर्षे केली. १८७६ साली ते इंग्लंडलाही जाऊन आले. फल काही झाले नाही. अखेर ५ नोव्हेंबर १९०२ रोजी लॉर्ड कर्झन व मीर महबूब अली खान यांच्यामध्ये करार होऊन वार्षिक पंचवीस लाख रुपये खंडाने वऱ्हाडचा कायमचा पट्टा इंग्रज सरकारास मिळाला. त्या करारातही निजामाचे सार्वभौमत्व पुन्हा एकदा मान्य करण्यात आले. कर्झनसारख्या मानी मुत्सद्द्याने जमीन कायमची घेतली आणि मालकी दुसऱ्याची आहे असे लिहून दिले, हे त्या काळच्या कायदेपंडितांसही विचित्र वाटल्यावाचून राहिले नसेल.

या विचित्र व्यवस्थेचा परिणाम कारंज्याच्या रहिवाशाला प्रत्यक्ष कोठे जाणवला, असा प्रश्न उपस्थित होतो. त्याचे पहिले उत्तर कापसाच्या बाजारात सापडते. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात वऱ्हाडी कापसाला जो भाव चढला त्याने येथील पेठांचे रूपच पालटले. बाजारात अडते, दलाल व मापारी यांच्या हाती शेतकरी सापडे. वजनात व कटाईत त्याची फसवणूक होई. यावर उपाय म्हणून १८८६ साली कारंजे येथे नियंत्रित बाजार स्थापन झाला. हिंदुस्थानातील हा पहिला नियंत्रित शेतमाल बाजार होय, आणि शेतीच्या अर्थशास्त्रावरील ग्रंथांतून कारंज्याचे नाव आज याच कारणासाठी येते. या ग्रंथांतून सहसा न आढळणारी गोष्ट ही की, हा बाजार कोणत्याही विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेला नाही. तो हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमाने स्थापन झाला. कलकत्त्याच्या कायदेकौन्सिलास वऱ्हाडसाठी कायदा करण्याचा अधिकारच नव्हता. वऱ्हाड हा परमुलूख असल्यामुळे तेथील कारभार हैदराबादचा रेसिडेंट पाही, आणि ब्रिटिश हिंदुस्थानातील कायदे तेथे लागू करावयाचे तर परराष्ट्रखात्यामार्फत स्वतंत्र जाहीरनामा काढावा लागे. १८९७ साली वऱ्हाडातील कापूस व धान्य यांच्या बाजारांसंबंधी जो नियम झाला तोही याच मार्गाने. त्याच्या इंग्रजी शीर्षकात ‘अॅक्ट’ हा शब्द नसून ‘लॉ’ हा शब्द आहे. या एका शब्दभेदात वऱ्हाडचे सारे घटनात्मक स्थान साठविलेले आहे असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

१९२८ साली शेतकी कमिशनने देशभर नियंत्रित बाजार स्थापावेत अशी शिफारस केली तेव्हा वऱ्हाडचा नमुना त्याच्यापुढे होता. बाजारसमित्यांवर व्यापाऱ्यांचा भरणा आहे व शेतकऱ्यास पुरेसा वाव नाही, हा दोषही कमिशनच्या नजरेतून सुटला नाही. म्हणजे ज्या संस्थेचे अनुकरण पुढे सर्व देशाने केले ती संस्था ब्रिटिश हिंदुस्थानच्या हद्दीबाहेर जन्मास आली होती.

परमुलुखातील अधिकार हा केवळ शब्दांचा खेळ नव्हता, हे १८९७ च्या प्रिव्ही कौन्सिलच्या एका निकालावरून दिसते. सिमल्याच्या मॅजिस्ट्रेटच्या वॉरंटावरून निजामाच्या मुलखातील एका रेल्वे स्टेशनवर महंमद युसुफुद्दीन याला अटक करण्यात आली होती. निजामाने रेल्वेच्या जागेवर इंग्रजांना जो अधिकार दिला तो रेल्वेच्या कारभारापुरताच होय, त्याबाहेर निजामाचे सार्वभौमत्व कायम आहे, असे ठरवून प्रिव्ही कौन्सिलने ती अटक बेकायदेशीर ठरविली. वऱ्हाडात इंग्रजांना मिळालेला अधिकार याहून कितीतरी व्यापक होता, परंतु त्याचा उगमही करारातच होता. जिंकून घेतलेल्या मुलखावरील अधिकाराची जात त्यास कधीच आली नाही.

१ ऑक्टोबर १९०३ पासून वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांताच्या चीफ कमिशनरकडे गेला. १९०५ साली सहा जिल्ह्यांचे चार करण्यात आले आणि कारंजे ज्या मूर्तिजापूर तालुक्यात होते तो तालुका अमरावती जिल्ह्यातून अकोला जिल्ह्यात गेला. पुढे मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रुळांची आगगाडी कारंज्यावरून धावू लागली. तीही एका इंग्रजी कंपनीच्या मालकीची. कचेरी इंग्रजांची, नाणे इंग्रजांचे, टपाल इंग्रजांचे. कारंजेकरास आपण इंग्रजांच्या मुलखात राहतो यात शंका वाटण्याचे कारण नव्हते. त्याला ती शंका येई ती निवडणुकीच्या वेळी, सरकारी नोकरीच्या वेळी किंवा परदेशगमनाच्या वेळी.

निवडणुकीची गोष्ट मोठी मौजेची आहे. १९१९ च्या सुधारणा कायद्याने प्रांतिक कौन्सिले लोकनियुक्त झाली. मध्यप्रांताच्या कौन्सिलात वऱ्हाडलाही प्रतिनिधित्व देण्यात आले. पण ब्रिटिश हिंदुस्थानच्या विधिमंडळात परमुलुखातील मतदार आपला सभासद निवडून कसा पाठवणार ? यावर तोड अशी काढण्यात आली की, वऱ्हाडात रीतसर निवडणूक घ्यावी, मते मोजावीत, आणि जो निवडून येईल त्याची सरकारने नेमणूक करावी. मग अशा नेमलेल्या सभासदास कायद्यासाठी निवडून आलेला समजावे! मध्यवर्ती असेंब्लीतही वऱ्हाडच्या एका जागेची हीच रीत होती. लोकनायक बापूजी अणे त्या असेंब्लीत वऱ्हाडचे प्रतिनिधी म्हणून वर्षानुवर्षे बसले व सरकारवर त्यांनी कडाडून टीका केली. त्यांच्या मागे लोकांची मते होती, कागदोपत्री मात्र वऱ्हाडचा प्रतिनिधी सरकारनियुक्त असे.

नोकरीच्या बाबतीत अडचण ‘हिंदुस्थानचा रहिवासी’ या शब्दांच्या व्याख्येची होती. १८७० च्या कायद्यातील व्याख्या राणीच्या मुलखात जन्मलेल्यांपुरती मर्यादित होती. संस्थानी प्रजेस मुलकी व लष्करी पदांवर नेमता यावे म्हणून १९१६ साली कायद्यात निराळे कलम घालावे लागले. परदेशी जाणाऱ्या संस्थानी प्रजाजनाच्या पासपोर्टावर ‘ब्रिटिश प्रजाजन’ अशी नोंद होत नसे. ‘ब्रिटिश-संरक्षित व्यक्ती’ अशी होई. १९१४ चा राष्ट्रीयत्वाचा कायदा जन्मस्थानावर आधारलेला होता. बादशहाच्या मुलखात व त्याच्या निष्ठेत जो जन्मला तो ब्रिटिश प्रजाजन. कारंजे बादशहाच्या मुलखात नव्हते. तेव्हा तत्त्वतः कारंजेकर संरक्षित व्यक्तींच्या वर्गात पडे. त्याच कायद्याने परकीयास ब्रिटिश प्रजाजन होण्यासाठी पाच वर्षांचे वास्तव्य, चांगली चालचलणूक व इंग्रजीचे पुरेसे ज्ञान या अटी घातल्या होत्या. इतिहासाची वा राज्यव्यवस्थेची परीक्षा तेव्हा नव्हती.

अशी परीक्षा इंग्लंडात नव्हती, पण नागरिकत्वाचे पाठ हिंदी विद्यार्थ्याकरिता मात्र लिहिले गेले होते. मुंबई इलाख्याच्या मुलकी नोकरीतील सर विल्यम ली-वॉर्नर यांनी १८९७ साली ‘द सिटिझन ऑफ इंडिया’ हे शालेय पुस्तक प्रसिद्ध केले. खेडे, शहर, जिल्हा, प्रांत अशा चढत्या क्रमाने राज्यव्यवस्था समजावून देऊन विद्यार्थ्यास आपल्या कर्तव्याची जाणीव करून द्यावी, असा त्याचा हेतू. ब्रिटनच्या सध्याच्या मार्गदर्शक पुस्तकाशी त्याचे साम्य सहज लक्षात येते. दोहोंतही राज्यकर्त्यांची कहाणी राज्यकर्त्यांच्याच तोंडून सांगितलेली आहे. विशेष असे की, याच ली-वॉर्नरांनी तीन वर्षे आधी हिंदी संस्थानिकांच्या संरक्षित स्थानावर एक विद्वत्तापूर्ण ग्रंथ लिहिला होता. सार्वभौमत्वाचे तुकडे कसे पडतात व ते निरनिराळ्या हातांत कसे राहू शकतात, याचे विवेचन करण्यात त्यांचा हातखंडा होता. मोठ्यांच्या ग्रंथातली ही गुंतागुंत मुलांच्या पुस्तकात फारशी उतरलेली दिसत नाही.

२५ ऑक्टोबर १९२३ रोजी मीर उस्मान अली खान यांनी वऱ्हाड परत मिळावे अशी औपचारिक मागणी केली आणि वऱ्हाडी जनतेस अंतर्गत स्वायत्तता देण्याचे आश्वासनही दिले. लॉर्ड रीडिंग यांनी २७ मार्च १९२६ रोजी तिला जे उत्तर दिले ते ब्रिटिश सार्वभौम सत्तेच्या सिद्धांताचे सर्वांत स्पष्ट विधान म्हणून घटनेच्या अभ्यासकांस परिचित आहे. या सर्व पत्रव्यवहारात वऱ्हाडी माणसाने आपण कोणाची प्रजा आहोत हे स्वतः ठरवावे, असे कोणासच सुचले नाही.

यानंतरचा टप्पा १९३५ च्या कायद्याचा. त्याच्या सत्तेचाळिसाव्या कलमाने निजामाचे सार्वभौमत्व कायम ठेवून ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ हा एकच गव्हर्नरचा प्रांत समजावा असे ठरले. २४ ऑक्टोबर १९३६ च्या कराराने त्यास निजामाची संमती मिळाली; युवराज आझम जाह यांना ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी मिळाली आणि वऱ्हाडात ब्रिटिश निशाणाबरोबर निजामाचेही निशाण लावण्यास मान्यता देण्यात आली. या कलमातील एक उपवाक्य फार महत्त्वाचे आहे. त्या कायद्यात जेथे जेथे बादशहाच्या प्रजाजनांचा उल्लेख येईल तेथे निजामाच्या वऱ्हाडी प्रजाजनांचाही समावेश समजावा, असे ते सांगते. परंतु राजनिष्ठेच्या शपथेपुरता हा नियम लागू नाही.

हा अपवाद नीट समजून घेतला पाहिजे. कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात विधिमंडळाच्या सभासदांसाठी शपथेचे वेगवेगळे नमुने दिलेले होते. ब्रिटिश प्रजाजन असलेल्या सभासदाने बादशहाशी एकनिष्ठ राहण्याची सरळ शपथ घ्यावयाची. संस्थानिकाच्या प्रजाजनाने आपल्या संस्थानिकाविषयीची निष्ठा अबाधित राखून, सभासद या नात्यापुरतीच बादशहाशी निष्ठा वाहावयाची. नागपूरच्या सभागृहात शेजारी शेजारी बसणाऱ्या वर्ध्याच्या व अकोल्याच्या सभासदांचे राजकीय स्थान एक नव्हते, असा या अपवादाचा अर्थ होतो. मतदान, कर, कायदा या सर्व बाबतींत वऱ्हाडी माणसास प्रजाजन मानण्यास इंग्रज तयार होते. ज्या एका ठिकाणी खरे-खोटे करता येत नाही त्या शपथेच्या ठिकाणी मात्र कायद्याने सत्य सांगितले. शिवाय हे ‘समजणे’ त्या एका कायद्यापुरतेच होते. राष्ट्रीयत्वाच्या कायद्यास त्याने स्पर्श केला नाही.

१९४७ साली ब्रिटिश सत्ता गेली. वऱ्हाड प्रांताच्या कारभारात पूर्ववत राहिले. निजामाचा त्यावरील दावा हैदराबादच्या प्रश्नाबरोबर निकालात निघाला. घटनासमितीत नागरिकत्वाच्या कलमावर १९४९ च्या ऑगस्टमध्ये जी चर्चा झाली तीत ठळकपणे भाग घेणाऱ्यांत डॉ. पंजाबराव देशमुख होते. मसुद्यातील तरतुदींमुळे हिंदी नागरिकत्व जगात सर्वांत स्वस्त होईल, असा त्यांचा आक्षेप होता. त्यांनी सुचविलेल्या दुरुस्तीत धर्माचा जो निकष होता तो समितीने स्वीकारला नाही, आणि ते योग्यच झाले. परंतु त्यांच्या आग्रहामागील अनुभवाकडे दुर्लक्ष करू नये. १८९८ साली अमरावती जिल्ह्यातील पापळ येथे जन्मलेला हा माणूस एडिंबरो व ऑक्सफर्ड येथे शिकला, बॅरिस्टर झाला, प्रांताचा मंत्री झाला. आणि १९३५ च्या कायद्याच्या भाषेत तो निजामाचा ‘वऱ्हाडी प्रजाजन’ होता. नागरिकत्वाची किंमत त्याला पुस्तकांतून शिकावी लागली नसेल.

नागरिकत्वाची कलमे २६ नोव्हेंबर १९४९ रोजीच अमलात आली. पाचव्या कलमान्वये भारतात अधिवास व भारताच्या प्रदेशात जन्म एवढ्या दोन गोष्टी पुरेशा होत्या. जन्माच्या वेळी त्या प्रदेशाचा धनी कोण होता, हे विचारण्याची आवश्यकता राहिली नाही. कारंज्याचा रहिवासी अशा रीतीने प्रथमच निःसंदिग्धपणे एका राज्याचा नागरिक झाला.

येथे एक चमत्कारिक योग जुळून आला. ब्रिटनने १९४८ साली राष्ट्रीयत्वाचा नवा कायदा केला होता व तो १ जानेवारी १९४९ पासून लागू झाला. त्याच्या पहिल्याच कलमात भारतासह राष्ट्रकुलातील देशांची यादी होती, आणि त्यांपैकी कोणत्याही देशाचा नागरिक हा त्या नागरिकत्वामुळेच ‘ब्रिटिश प्रजाजन’ समजला जाईल, अथवा त्यास ‘राष्ट्रकुल नागरिक’ म्हणावे, दोन्ही शब्दांचा अर्थ एकच, असे त्यात म्हटले होते. म्हणजे इंग्रजांचा अंमल असेतोवर जो कारंजेकर ब्रिटिश प्रजाजन नव्हता तो, इंग्रज निघून गेल्यावर व स्वतंत्र भारताचा नागरिक झाल्यावर, ब्रिटिश कायद्याच्या दृष्टीने ब्रिटिश प्रजाजन झाला. १९६२ च्या कायद्याने राष्ट्रकुल नागरिकांच्या ब्रिटनमधील प्रवेशावर बंधने आली, आणि १ जानेवारी १९८३ पासून अमलात आलेल्या १९८१ च्या कायद्याने त्यांच्या बाबतीत ‘ब्रिटिश प्रजाजन’ ही संज्ञाच काढून टाकली. सुमारे तेहतीस वर्षे टिकलेल्या या स्थानाची कारंज्यात कोणी दखल घेतली असेल असे संभवत नाही.

१९५६ साली वऱ्हाड मुंबई राज्यात व १९६० साली महाराष्ट्रात आले. १९९८ साली वाशीम जिल्हा निर्माण झाल्यावर कारंजे अकोल्यातून त्या जिल्ह्यात गेले. कारंज्यात जन्मलेला जो भारतीय आज ब्रिटनमध्ये कायदेशीरपणे वास्तव्य करून तेथील नागरिकत्वासाठी अर्ज करील त्याला चोवीस प्रश्नांची ती परीक्षा द्यावी लागेल, आणि तयारीसाठी वाचावयाच्या पुस्तकात साम्राज्य सबंध हिंदुस्थानावर पसरले होते असेच त्याला आढळेल. तोपर्यंत ब्रिटिश पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देण्याचा अधिकार त्याला राष्ट्रकुल नागरिक म्हणून आहेच. त्याकरिता परीक्षा नाही, आणि शपथही नाही.